बिननावाचा जीपीएस ऑसिलेटर: भुसावळच्या मे महिन्यात तीन आठवडे

डबा काळा, ॲल्युमिनियमचा, शाळेच्या कंपासपेटीच्या साधारण दुप्पट. आत ओव्हनमध्ये गरम ठेवलेला क्रिस्टल ठरावीक गतीने ठोके देतो, आणि जीपीएस उपग्रहांच्या वेळेवरून त्याला वळणावर ठेवलं जातं. कंपनीचं नाव कुठेच नाही. पुढे छोटा पडदा, त्यावर वेळ आणि उपग्रहांची संख्या, शेजारी एक हिरवा दिवा आणि त्याखाली 'लॉक'. मागे एका सॉकेटातून १० मेगाहर्ट्झ निघतात, दुसऱ्यातून सेकंदाला एक ठोका. ऑनलाइन मागवला, कस्टम-बिस्टम धरून साडेअकरा हजाराला पडला. विकणाऱ्याच्या पानावर लिहिलं होतं, स्थिरता १० चा उणे बारावा घात. मी निरोप पाठवून विचारलं, किती सेकंदांच्या सरासरीला? उत्तर आलं, "येस सर, व्हेरी गुड क्वालिटी."

बाजारात पाटी असावी 'वांगी फक्त चाळीस', आणि किलोला की पावशेराला ते लिहिलेलंच नसावं, तसा हा प्रकार. स्थिरतेचा आकडा काळाशिवाय सांगितला की त्याला काही अर्थ उरत नाही. तरी घेतला, कारण माझ्या टेबलावरच्या वारंवारता मोजणाऱ्या काउंटरला चांगला संदर्भ हवा होता आणि या भावात दुसरं काही मिळत नव्हतं.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, सगळी ट्रान्समिशनमध्ये. आमच्याकडे घड्याळ बिघडलं की लोकांना वेळ चुकल्याचं कळत नसे, फोनमध्ये 'टक्' ऐकू येई आणि फॅक्सच्या कागदावर रेघ पडे. दोन एक्सचेंजची घड्याळं एकमेकांपासून सरकत सरकत १२५ मायक्रोसेकंद लांब गेली की एक आख्खी फ्रेम, म्हणजे बोलण्याच्या आकड्यांचा एक गठ्ठा, गळते किंवा दोनदा वाचली जाते. त्याला स्लिप म्हणायचं. दोन्हीकडे पहिल्या प्रतीची घड्याळं असली, म्हणजे प्रत्येकाची चूक जास्तीत जास्त एक मायनस अकरा, तर अशी स्लिप ७२ दिवसांतून एकदा यायची. (खाली सगळीकडे मी आमच्या बोलीतच लिहितो. 'दोन मायनस अकरा' म्हणजे २ गुणिले १० चा उणे अकरावा घात.)

डब्याकडे वळण्याआधी एक गोष्ट. माझं एचएमटीचं घड्याळ रोज वीस सेकंद पुढे जातं. रोज, न चुकता, वीसच. मला त्याचा काहीच त्रास नाही, मनात वीस वजा करतो. शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ महिन्याच्या शेवटी बरोबर असतं, पण मधल्या काळात कधी दोन मिनिटं पुढे, कधी तीन मागे. अचूक ते दिसतं, स्थिर माझं आहे. अचूकपणा मोजायला एक आकडा पुरतो. स्थिरपणा मोजायला आलेख लागतो, आणि तिथेच सगळी मेख आहे.

आपल्याला कॉलेजात शिकवलेलं प्रमाण विचलन इथे चालत नाही. ऑसिलेटरच्या काही गोंगाटांची गंमत अशी, की जितका जास्त डेटा घ्यावा तितकं विचलन वाढतच जातं, एका जागी बसत नाही. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेतल्या डेव्हिड ॲलनने १९६६ मध्ये यावर तोडगा काढला: सरासरीपासूनचा फरक बघू नका, लागोपाठच्या दोन मोजमापांमधला फरक बघा. एक सेकंदाच्या सरासऱ्यांचे फरक, दहा सेकंदांच्या सरासऱ्यांचे फरक, शंभरच्या, हजारच्या. प्रत्येक काळासाठी एक बिंदू, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. त्या काळाला टाऊ म्हणतात आणि त्या रेषेला ॲलन विचलन. रेषा किती खाली आहे हे बघतातच, पण ती कोणत्या उताराने जाते यावरून आतला गोंगाट कोणत्या जातीचा ते कळतं.

आता मोजणी. माझ्याकडे टॅपर या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेचं टीआयसीसी आहे, ठोक्यांमधला वेळ मोजणारं यंत्र. आर्डुइनो मेगा या छोट्या संगणक-पाटीवर बसणारं कार्ड, त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीडीसी ७२०० चिपा, आलेल्या ठोक्याची वेळ साठेक पिकोसेकंदांपर्यंत टिपतं. त्याला संदर्भ म्हणून टेलिकॉमच्या भंगारातून आलेला रुबिडियम (अणूंवर चालणारं घड्याळ), फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक्सचा ५६८०ए. जाड ॲल्युमिनियमच्या पाटावर बसवलाय, नाहीतर उन्हाळ्यात हात लावता येत नाही. डेटा बघायला टाइमलॅब आणि स्टेबल ३२ हे संगणकाचे प्रोग्राम, दोन्ही फुकट.

पहिल्याच रात्री मी माती खाल्ली. डब्याच्या मागचा सेकंदाचा ठोका सरळ टीआयसीसीला जोडला आणि झोपलो. सकाळी रेषा बघून पोटात गोळा आला. एक सेकंदाला एक मायनस आठ! इतका वाईट तर रस्त्यावरचा क्रिस्टलही नसतो. भाचा सुटीला आला होता, तो फेजचा, म्हणजे ठोका किती पुढे-मागे सरकला त्याचा, आलेख मोठा करून म्हणाला, "मामा, ह्या करवतीच्या दात्यांसारख्या पायऱ्या कसल्या?" पायऱ्या एकवीस नॅनोसेकंदांच्या होत्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आतल्या जीपीएस मॉड्यूलचं स्वतःचं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणून ठोका एक भागिले ४८ मेगाहर्ट्झ एवढ्याच बारकाईने ठेवता येतो. म्हणजे मागचं सॉकेट ऑसिलेटरचा ठोका देतच नाही, मॉड्यूलचा कच्चा ठोका बाहेर काढून ठेवलाय. पुस्तिकेत (एक पानाची, घडी घातलेली) याबद्दल अक्षर नाही. डबा घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, त्या सॉकेटावर विसंबू नका.

मग आठ पायांचा पिक मायक्रोकंट्रोलर बसवला, जो १० मेगाहर्ट्झला भागून सेकंदाचा ठोका देतो. जळगावहून चिप आणायला एक दिवस, सोल्डर करायला अर्धा तास. आता जो ठोका येतो तो खरोखर आतल्या ओव्हनमधल्या क्रिस्टलचा.

आणखी एक काम आधी करावं लागतं, ते बरेच जण टाळतात. एकच ठोका टीआयसीसीच्या दोन्ही वाहिन्यांना द्यायचा आणि फरक मोजायचा. ऑसिलेटर एकच, त्यामुळे जे दिसेल ते यंत्राचं स्वतःचं. माझ्याकडे एक सेकंदाला आठ मायनस अकरा आलं, आणि पुढे टाऊ दसपट झाला की आकडा दशांश. ही माझी जमीन. याच्या खाली डबा कितीही चांगला असला तरी मला दिसणार नाही.

तीन दिवस सलग चालवलं, २,५९,२०० ठोके. टाऊ दहा सेकंदांचा होईपर्यंत रेषा त्या जमिनीला चिकटून खाली आली. म्हणजे तिथे मी डबा मोजतच नव्हतो, स्वतःचं यंत्र मोजत होतो. विकणाऱ्याचा मायनस बारा एक सेकंदाला खरा असेलही, माझ्या साधनांनी तो सिद्ध होत नाही आणि खोटाही पाडता येत नाही.

गोंगाटाच्या जाती भाच्याला समजावताना मला रावेरची केळी आठवली. ट्रक भरतोय, घडामागून घड चढतोय, आणि आपण दर थोड्या वेळाने आख्ख्या ट्रकचं वजन काट्यावर वाचतोय. काटा वाचताना डोळ्याची चूक होते, कधी दोन किलो जास्त, कधी कमी. पण पुढच्या वेळी ती चूक पुसली जाते, साठत नाही. हा फेजचा पांढरा गोंगाट. मोजण्याच्या यंत्रातून येतो, आणि ॲलनच्या रेषेवर उणे एकच्या उताराने पडतो. दुसरं, प्रत्येक घडाचं वजन वेगळं. एक सव्वीस किलोचा, एक एकवीसचा. ही चूक ट्रकमध्ये साठते, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. हा वारंवारतेचा पांढरा गोंगाट, उतार उणे अर्धा. रुबिडियमची खूण हीच. तिसरं, विहिरीचं पाणी आटत चाललंय आणि बागेतला प्रत्येक पुढचा घड आधीच्यापेक्षा थोडा हलका निघतोय, कधी पाऊस पडला की पुन्हा जड. आता सरासरीच वाहत जाते. हा वारंवारतेचा भटका गोंगाट, रेषा खाली यायच्या ऐवजी अर्ध्याच्या उताराने वर चढते. बहुतेक वेळा कारण बाहेरचं असतं: ऊन, धक्का, वीज. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या मध्ये फ्लिकर नावाचा गोंगाट असतो, तिथे रेषा आडवी होते आणि कितीही सरासरी काढा, फायदा होत नाही. क्रिस्टलचा तळ बहुधा तिथेच असतो.

भाचा हुशार. म्हणाला, "मग उणे एकचा उतार दिसला की पांढराच समजायचा?" नाही. फेजचा फ्लिकरही ॲलनच्या रेषेवर जवळजवळ तोच उतार दाखवतो, तिथे दोघं जुळे भाऊ. त्यांना वेगळं करायला सुधारित ॲलन विचलन काढतात, त्यात पांढरा उणे दीडने पडतो आणि फ्लिकर उणे एकनेच. आमचा उणे दीडने पडला. स्टेबल ३२ मध्ये दुसरा मार्गही आहे: प्रत्येक आकड्याचं त्याच्या पुढच्या आकड्याशी नातं किती हे बघायचं. शुद्ध पांढऱ्या गोंगाटात ते शून्य, कारण आजच्या आकड्याला कालच्याची ओळखच नसते. अशा फेजचे लागोपाठचे फरक घेतले की तेच नातं उणे अर्धं होतं. त्यावरून संगणक जात ओळखतो, उतार डोळ्यांनी जोखायची गरज नाही. मी तरी आधी डोळ्यांनी बघतो, मग संगणकाला विचारतो. सवय.

दहा सेकंदांच्या पुढे रेषा माझ्या जमिनीपासून सुटली, थोडी कुरकुरत खाली गेली, आणि मग तिला चक्क कुबड आलं. तीनशे सेकंदांच्या आसपास दोन मायनस अकरा. लगेच पुढे आठशे-साडेआठशेला एक खळगा. हजाराच्या पुढे जीपीएसने लगाम खेचला आणि रेषा सरळ खाली, दहा हजार सेकंदांना दोन मायनस बारा.

जीपीएसवर बांधलेल्या ऑसिलेटरला मधे थोडं कुबड असतंच. जवळच्या काळात क्रिस्टल चांगला, लांबच्या काळात उपग्रह चांगले, आणि जिथे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात दोर जातो तिथे दोघंही अर्धवट. पण त्याला खळगा नसतो. कुबड आणि पाठोपाठ खळगा म्हणजे काहीतरी ठरावीक वेळाने हलतंय. लाटेचा आवर्तकाल जेवढा, तेवढ्याच टाऊला खळगा पडतो आणि त्याच्या पाव-अर्ध्याच्या मधे कुठेतरी शेंडा. फेजचा आलेख ताणून बघितला, तर सात-साडेसात नॅनोसेकंदांची लाट, चौदा मिनिटांनी पुन्हा पुन्हा. चौदा मिनिटं म्हणजे ८४० सेकंद.

घरात चौदा मिनिटांनी काय होतं? मी खुर्ची टाकून बसलो, हातात वही. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, भुसावळात मेमध्ये त्यात नवल नाही. आमचा जुना दीड टनाचा एसी धडधडत चालू झाला, थंड झोत थेट टेबलावर, मग बंद, मग पुन्हा चालू. घड्याळ लावून मोजलं. चौदा मिनिटं, इकडेतिकडे अर्धं.

म्हणजे साडेअकरा हजारांचा डबा माझ्या एसीचा कॉम्प्रेसर मोजत होता. चांगल्या ओव्हनला दोन अंशांच्या चढउताराने फरक पडू नये. या डब्यात ओव्हनच्या भोवती ना फोम, ना दुसरं कवच, उघडून बघितलं तर छापील पाटीवर क्रिस्टलचा डबा उघडा बसवलेला आणि शेजारी गरम होणारा व्होल्टेज रेग्युलेटर.

उपाय म्हणून आधी गोधडी गुंडाळली. चूक झाली. उष्णता आत कोंडली, दोन तासांत डबा इतका तापला की ओव्हनला तापवायला जागाच उरली नाही, आणि वारंवारता कुठल्या कुठे. ओव्हन फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, हे मी नोकरीत दुसऱ्यांना शिकवलंय. मग नजर गेली न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळाकडे. उपडं घातलं डब्यावर, कडेखाली दोन पेन्सिली, हवेला थोडी वाट. तांबं जड, हळू तापतं, हळू निवतं, एसीचा झोत थेट लागत नाही. शेजारचे काका संध्याकाळी डोकावले, "काय करून राहिले भाऊ, भूत कोंडलं का काय?" आमच्या सौभाग्यवतींनी काही म्हटलं नाही, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

पुन्हा तीन दिवस. कुबड दोन मायनस अकरावरून सहा मायनस बारावर आलं, खळगा जवळजवळ गेला. जे उरलं ते लगामाचं नैसर्गिक कुबड असावं. या वेळी मोजणीच्या टोकाकडचे बिंदू मी धरले नाहीत. तीन दिवसांच्या डेटातून एक दिवसाचा टाऊ काढला तर हाताशी मोजकेच नमुने असतात, तिथली रेषा वर गेली काय, खाली गेली काय, तिच्यावरून भांडण करू नये. लोक नेमकं त्याच टोकाचं चित्र दाखवून मिरवतात. शिवाय तिथे माझा रुबिडियमसुद्धा हळूहळू सरकत असतो, आणि दोन घड्याळांच्या तुलनेत दोष कोणाचा हे सांगता येत नाही. तिसरं घड्याळ असेल तर जोड्या लावून तिघांचा वेगळा हिशेब काढता येतो. माझ्याकडे तिसरं नाही.

लॉकच्या दिव्याबद्दल मात्र मी चिडून आहे. दुसऱ्या आठवड्यात दुपारी चाळीस मिनिटं लाइट गेली. रुबिडियम आणि टीआयसीसी बॅटरीवर होते, डबा नव्हता. लाइट आली, चार मिनिटांत हिरवा दिवा, लॉक. फेजच्या आलेखावर बघतो तर ठोका दर सेकंदाला तीन नॅनोसेकंदांनी सरकतोय, म्हणजे तीन मायनस नऊची चूक, आणि ती ओसरायला अर्धा तास लागला. दिवा पूर्ण वेळ हिरवा. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की उपग्रह सापडले. क्रिस्टल ठिकाणावर आला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता डबाही बॅटरीवर टाकलाय.

उपग्रहांचं म्हणाल तर डबा फक्त जीपीएस बघतो, आपली स्वदेशी उपग्रहव्यवस्था नाविक नाही. नाविकलाही घड्याळांनी कमी रडवलं नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरचे तिन्ही रुबिडियम बंद पडले होते. २०२३ च्या मेमध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर मग स्वदेशी रुबिडियम बसवला. माझ्यासारख्याला ती बातमी क्रिकेटपेक्षा मोठी होती.

शेवटची परीक्षा. अँटेना काढली आणि डब्याला एक दिवस मोकळा सोडला. हजार सेकंदांपर्यंत ठीक, मग रेषा वर वळली, आधी अर्ध्याच्या उताराने, पुढे त्याहून तिरकी. भटका गोंगाट आणि त्यावर सरळ सरकणं. चोवीस तासांत फेज नऊ मायक्रोसेकंदांनी गेली. आमच्या जुन्या हिशेबाने १२५ ची मर्यादा, तेव्हा स्लिप यायला अजून बरेच दिवस होते. या किमतीला हे मला वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर अपेक्षेपेक्षा बरं वाटलं.

घ्यावा का? काउंटर, सिग्नल जनरेटर यांना संदर्भ म्हणून घ्या, हौशी रेडिओवाल्यांनी क्यूओ-१०० उपग्रह ऐकायला घ्या. तिथे साडेदहा गिगाहर्ट्झवर एक मायनस नऊची चूकही दहा हर्ट्झ होते, हा डबा ती सहज पेलतो. एक तास आधी चालू करून ठेवा, बॅटरी द्या, वाऱ्याच्या झोतापासून लांब ठेवा. पण दुसऱ्या एखाद्या चांगल्या क्रिस्टलची दोन-पाच मिनिटांच्या काळातली स्थिरता मोजायला याला संदर्भ धरणार असाल तर धरू नका, नेमकं तिथेच याला कुबड आहे आणि तुम्ही याचंच कुबड दुसऱ्याच्या नावावर लिहाल. पाचापैकी तीन तारे. त्यातला अर्धा घंगाळाचा.

घंगाळ दिवाळीपर्यंत माझ्याकडे आहे. अभ्यंगस्नानाला परत द्यायचं कबूल केलंय.